पान तीनशे तेरा

प्रबंध कोणी वाचत नाही, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक असतं. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तर तो एवढा जाड लिहितो. आमच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर अशा प्रबंधांची सोळा लोखंडी कपाटं होती. त्यांतल्या निम्म्या प्रबंधांची पानं बाइंडिंग झाल्यापासून एकमेकांना चिकटलेली, कारण ती उघडायला कुणी आलंच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा कारभार.

२००९ साली वरून पत्र आलं की जुने-नवे सगळे प्रबंध स्कॅन करून संगणकावर चढवा, जगात कुठूनही उघडता आले पाहिजेत. त्या पत्रानं काय पळापळ उडवली म्हणता! ज्यांनी आयुष्यात ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती असे प्राध्यापक खाली येऊन हळूच विचारायला लागले, “तो अमुकचा प्रबंध जरा मागे ठेवता येईल का हो?” आम्ही तिघं कंत्राटी सहायक त्यांना चहा पाजायचो आणि ते गेले की पोट धरून हसायचो. चोराच्या मनात चांदणं. मला तर भारी मजा वाटायची, कारण माझा स्वतःचा प्रबंध नव्हता. माझं एम.लिब. झालेलं. आखाडा बाळापूरच्या शेतमजुराच्या घरातली पहिली पदवीधर पोरगी, ही ओळख मी कुणी विचारो न विचारो, स्वतःच द्यायचे.

काम सोपं होतं. प्रबंधाची शिवण सैल करायची आणि एकेक पान काचेवर पालथं घालायचं. मग संगणकावर चढवण्याआधी संशोधकाची संमती मागायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी माझ्या टेबलावर जो प्रबंध आला, त्याचं नाव होतं ‘कळमनुरी तालुक्यातील शेतमजूर कुटुंबांतील मुलींची शाळागळती’. वर्ष १९९७. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली व्हायला अजून दोन वर्षं होती. संशोधिकेचं नाव वाचलं आणि मी खुर्चीतच सरळ बसले. या सुमन मॅडम! मी सातवीत असताना त्या खांद्याला झोळी लावून आमच्या भीमनगरात यायच्या, बायांच्या ओट्यावर बसून त्या बोलतील ते लिहून घ्यायच्या. मला चांगलं आठवतं, मॅडम म्हणाल्या होत्या की मी तुमची खोटी नावं घालीन. तर बाया भांडायला उठल्या. “खोटं काहून? आमचं नाव कुठं छापून येत न्हाई, आता येऊन राहिलं तर ते बी दुसऱ्याचं व्हय?” शेवटी मॅडमनी हात जोडले आणि खरी नावं घातली.

मग मी काय केलं असेल? आधी काचेवरचं पान तसंच टाकून मागचं परिशिष्ट उघडलं. चौदा बायांच्या मुलाखती होत्या. सहावी, पान तीनशे अकरा: सोजराबाई ग्यानोबा खिल्लारे, वय अंदाजे पंचेचाळीस, आखाडा बाळापूर. माझी माय! मी शेजारच्या टेबलावरच्या दोघा पोरांना हाक मारली, “अरे बघा, माझी आई आहे यात.” ते बघून गेले. मी वाचत बसले. मॅडमनी मायचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. तीनशे अकरावर कापूस वेचायचं, निंदायचं, बापाच्या पायाला कुऱ्हाड लागली त्याचं. पान उलटलं.

“मोठी नीला सातवीत पास झाली. नुसती पास न्हाई, वर्गात पैली. गणितात शंभरातले चौऱ्याण्णव. मी तिला नापास झालीस म्हणून सांगितलं.”

मी ते तीनदा वाचलं. वाटलं, टायपिस्टनं चूक केली असेल, दोन बायांची पानं उलटसुलट झाली असतील. पण पुढे कनेरगाव नाक्याची मावशी होती, माझं नाव होतं, बापाचं नाव होतं. डोळे पांढरे होणं म्हणजे काय ते मला त्या टेबलावर कळलं. स्कॅनरचा दिवा आपला त्याच त्या पानाखालून फिरत होता आणि मला तो बंद करायचंही सुचेना.

नीला म्हणजे माझी अक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिची आणि माझी तुलना घरात कधी झालीच नाही, कारण तिनंच ती आधी मिटवून टाकलेली. “मी सातवी नापास हाय बाबा, मला नका इचारू.” हे वाक्य तिच्या तोंडी एवढं बसलेलं की लग्नाच्या बोलणीतसुद्धा पाहुण्यांना तिनं आपणहून सांगितलं. दवाखान्यात फॉर्म भरायचा तर पेन नवऱ्याच्या हातात. लेकीनं, ऐश्वर्यानं, वही पुढे केली की अक्का हात झटकायची, “संधी मावशीला इचार, तिचं डोकं हाय.” संधी म्हणजे मी, आणि मीही ते ऐकून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, गोड वाटायचं.

मायनं मॅडमना सगळं ओघानं सांगितलं होतं. परीक्षा झाल्यावर अक्काला मावशीच्या बाळंतपणाला कनेरगाव नाक्याला धाडलेलं. निकालाला माय एकटी गेली. गुरुजींनी पेढा दिला. माय पेढा खाऊन घरी आली, आणि अक्का आल्यावर म्हणाली, तू नापास झालीस. “शाळेतून काढून घेते म्हणले असते तर तिनं अन्न सोडलं असतं, गुरुजीपाशी पळाली असती. नापास म्हणलं तशी गप बसली. गुरुजी दोनदा घरी आले, तवा मी तिला परत मावशीकडं लावून दिली अन् म्हणलं, पोरगी तिकडंच शिकून राहिली.” दोन-तीन महिन्यांनी अक्का परत आली ती शाळेच्या रस्त्यानं कधी गेलीच नाही. मैत्रिणी समोरून आल्या की बोळात शिरायची. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटायचं, ती लाजाळू आहे.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि त्याहून वाईट पुढे होतं. तीनशे चौदाव्या पानावर माय म्हणत होती की आपण नीलाच्या बाळंतपणाला तिच्या सासरी, जवळा बाजारला, असताना अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. गावात जागा निघाली होती, सातवी पास बाई पाहिजे होती. नीला म्हणाली, मी नापास हाय, दुसरी बघा. “निकालाचं कार्ड माझ्या पेटीत व्हतं. तवा काढाया पाह्यजे व्हतं. पण आठ वर्सांनी कोण्या तोंडानं काढू? म्हणून पेटीतच ठिवलं.” खाली मॅडमची टीप होती, की ते कार्ड त्यांनी स्वतः पाहिलं आणि गुण त्यावरून उतरवून घेतले.

मधलं पान तीनशे तेरा. त्यावर माझ्याबद्दल होतं. ते पुढे सांगते.

सुमन मॅडम आता निवृत्त होऊन हिंगोलीला राहत होत्या. मी फोन लावला. कुणाची मुलगी ते आधी सांगितलंच नाही, सरळ संमतीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “प्रबंध खुशाल चढवा. पण परिशिष्ट तीनचं माझ्या मनाला लागून राहिलंय. मी त्या बायांना शब्द दिला होता की हे कपाटात राहील. ज्यांची ज्यांची नावं त्या मुलाखतीत आहेत, त्यांनी सही दिली तर ठेवा. नाहीतर ती पानं काढून टाका आणि मूळ प्रत माझ्याकडे पाठवा, मी जाळून टाकते.” मी म्हणाले, “मॅडम, सहाव्या मुलाखतीतली धाकटी मीच.”  मग त्या एवढंच म्हणाल्या, “अरे देवा.”

म्हणजे अक्का पास झाली होती याचा पुरावा आता त्या चार पानांत होता, आणि ती राहतील की जातील हे सह्यांवर होतं. मी पानांच्या झेरॉक्स काढल्या, संमतीचा कागद घेतला आणि शनिवारी वसमतला गाडी बदलून जवळा बाजार गाठलं. बाप वारल्यापासून माय अक्काकडेच असायची. हीच तर गोची होती. जी मायला अंघोळीला पाणी काढून देते, जी वेळेवर गोळी देते, तिलाच मी सांगायला निघाले होते की या बाईनं तुझं असं केलंय. गाडीत चारदा वाटलं उतरावं आणि उलट फिरावं. पण राग मोठा होता. आणि दुसरं एक होतं, ते म्हणजे तीनशे तेरा नंबरचं पान मी घडी करून पर्समध्ये वेगळं ठेवलं होतं.

अक्काच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. अर्ध्या बाजाराच्या बायांचे ब्लाउज तिच्या हातचे. ती टेप गळ्यात घालायची, पण बाईकडे नुसतं बघून कापड कापायची. मी पोचले तेव्हा ती दोन घरं पलीकडे कुणाचं तरी माप आणायला गेली होती. दाजी, म्हणजे धम्मानंद, जीप घेऊन भाड्यावर. ऐश्वर्या शिकवणीला. माय ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती.

“आलीस? एकाएकी गं?”

मी चप्पलही काढली नाही. “माय, अक्का सातवीत नापास झाली होती का?”

तिचा सुपातला हात थांबला. आधी तिनं दाराकडे बघितलं. “कोण म्हणलं तुला?”

“तूच म्हणालीस. सुमन मॅडमला. लिहून ठेवलंय.”

“ती बाई म्हणली व्हती कपाटात राहील म्हणून. कुलूप लावून राहील.”

“कपाट उघडलंय आता. सगळी दुनिया वाचणार आहे.”

“मग फाड,” माय म्हणाली. एकदम हलक्या आवाजात, शेजारीण मीठ मागते तशी. “तुझ्याच हापिसात हाय न्हवं? फाडून टाक. संधे, तुला माझी शपथ हाय.”

“आणि ते कार्ड कुठंय?”

“चुलीत घातलं. बाई लिहून गेली, त्याच दिशी.”

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. साठीला टेकलेली बाई, मनगटं काडीसारखी, आणि मला वाटत होतं की हिला हलवावं. “तुला काहीच कसं वाटलं नाही गं? पेढा कसा गेला तुझ्या घशाखाली?”

“कशाचा पेढा?”

हे अक्का बोलली. ती दारात उभी होती, हातात कापडाची पिशवी, ओठांत दोन टाचण्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. माय खाली मान घालून पुन्हा तांदूळ निवडायला लागली, आणि खड्यांबरोबर चांगले दाणेही उचलून फेकायला लागली.

मी सगळी भाषणं तयार करून आले होते. एकही आठवेना. मी नुसते कागद तिच्यापुढे धरले. तीन कागद.

अक्कानं टाचण्या ओठांतून काढून पदराला लावल्या आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मी तिला कधी वाचताना बघितलंच नव्हतं. माझी समजूत अशी की ती बोट ठेवून, अडखळत वाचत असेल. ती माझ्यापेक्षा भरभर वाचत होती. पहिलं पान झालं. दुसऱ्यावर तिचे डोळे एका जागी थांबले. किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. बाहेरून रिक्षावाला हिंदी गाणं वाजवत गेला. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेव्हा माणसाचं तोंड होतं ना, तसं झालं होतं.

“चौऱ्याण्णव?” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलंच व्हतं गं,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. “एकच गणित चुकलं व्हतं माझं. मला लई दिस वाटायचं, एका गणितानं कसं काय नापास करतेत? मंग म्हणलं, आपल्याला काय कळतं. आपुन नापास.”

माझा हुंदका बाहेर आला. तिचा नाही आला. तिनं तिसरं पान वाचलं, अंगणवाडीचं. मग परत दुसरं वर घेतलं. कागदांचे वरचे कोपरे बघितले.

“संधे, हे तीनशे बारा. अन् हे तीनशे चौदा. मधलं कुठंय?”

मी पर्स पाठीमागे सरकवली.

“हितं खाली लिवलंय, ‘धाकटीचं म्हणाल तर बाई, ती’, अन् पान संपलं. ती काय?”

मी म्हणू शकत होते की स्कॅन करायचं राहिलं. ते म्हणायला मी तोंडही उघडलं. पण जी बाई दोन मिनिटांत पानांचे नंबर ताडून बघते, तिच्यापुढे मी, एम.लिब. झालेली, काय थाप मारणार होते? मी पर्स उघडून घडी केलेला कागद तिला दिला. माय म्हणाली, “नको वाचू नीला.” अक्कानं तो मोठ्यानं वाचला.

“जरा मंद हाय. चालाया उशीर, बोलाया उशीर. पाच वर्सांची झाली तरी दहापस्तोर मोजता येईना. मोठीचं डोकं चालतंय, हात चालतेत, तिला कुठं बी सोडली तरी निभवून नेईल. धाकटीला शाळा न्हाई भेटली तर तिचं कोण बघंल? दोघींचं मला जमत न्हवतं. मी कामाला गेल्यावर धाकटीला सांभाळाया घरी कोण तरी पाह्यजे व्हतं. म्हणून म्हणलं, आधार अधूला द्यावा, धडधाकटाला काय करायचा?”

 मला वाटलं होतं की हे पान मी गाडीत बसायच्या आधी पंचवीस वेळा वाचलंय, आता काही होणार नाही. अक्काच्या आवाजात ऐकलं आणि कुणी तोंडात मारावी तसं झालं. माझी शाळा, माझं कॉलेज, माझं ते ‘घरातली पहिली पदवीधर’! मी हुशार म्हणून नाही मिळालं ते मला. मी मंद म्हणून मिळालं.

“तुला सातवीत गणितात किती व्हते गं?” अक्कानं विचारलं.

“एकावन्न.”

ती हसेल असं मला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. ती मायपुढे खाली बसली.

“माय, तुझं काय चुकलं ते मी सांगू? तिला शिकवलंस ते बराबर केलंस. मला खरं सांगितलं असतंस, नीला, ही अधू हाय, तू घरी ऱ्हा, तर मी राह्यले असते. दोन दिस रडले असते अन् राह्यले असते. हिला मीच कडेवर घेऊन मोठी केली न्हवं? शाळा घेतलीस ती घेतलीस. वरून मला नापास काहून केलंस? एकवीस वर्सं झाली, मी लोकाच्या मागं उभी राहून राहिले.”

मायनं पदर तोंडाला लावला. “मी जाते बाळापूरला,” ती पदरातून म्हणाली. “उद्याच्या गाडीनं जाते.”

“कुठं जात न्हाईस. तांदूळ निवड. सांजच्याला पाह्यजेत.”

एवढं बोलून अक्का उठली. तिनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि मला म्हणाली, “सहीचा कागद आणला असशील. दे हिकडं.”

मी म्हणाले, “अक्का, नको असेल तर ती पानं काढता येतात. नाव सुद्धा—”

“काहून काढायची? जगात एकाच जागी माझे मार्क लिवलेले हायत, अन् ते मी काढू?”

तिनं संमतीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मशीनवर ठेवून सही केली, पूर्ण नाव लिहून. मग कागद मायपुढे नेला. “माय, अंगठा.” मायनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. मायनं शाईत अंगठा बुडवला आणि अक्कानं दाखवलेल्या जागी टेकवला.

मी कागदासाठी हात पुढे केला. अक्कानं दिला नाही.

“तुझं बी नाव हाय त्यात,” ती म्हणाली. “मंद म्हणलंय तुला. तुझ्या हापिसातले वाचतेल, तुला मागणी घालाया येतील ते वाचतेल. तुला चालंल का? तू न्हाई म्हणलीस तर समदंच ऱ्हाऊ दे. माझे मार्क बी ऱ्हाऊ दे, मी आता वाचले. मला तवा कुणी इचारलं न्हवतं, म्हणून तुला इचारून राहिले.”

तिनं पेन मशीनवर ठेवलं आणि थांबली. घाई तिला नव्हतीच. मला मात्र त्या पेनाकडे बघवत नव्हतं. हिला न विचारता मी हिची शाळा घेतली होती, हिची कडेवरची वर्षं घेतली होती, आणि परवा शेजारच्या पोरांसमोर मायचं नाव दाखवून मिरवलेही होते. आजही तिचं पान लपवायला मी तिला विचारलं नव्हतं.

मी पेन उचललं.

“कुठं करू सही, अक्का?”

तिनं आपल्या सहीखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. “हितं. माझ्या नावाखाली.”